गुंता न होणारी गरी



आज आपण गरीविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी पुष्कळ जण लहान होडीतून गरवायला जातात. गरवणे मी तुम्हांला शिकवणार नाही. ते तुम्हीच मला शिकवाल. गुंता का होतो आणि तो होऊ नये म्हणून गरी कशी बांधावी, एवढेच मी सांगणार आहे. त्यात थोडे गणित आहे. पण भिऊ नका, दोनाच्या पाढ्यापुढचे नाही.

सुरमई पाहिजे असेल, तर जिवंत पेडवा किंवा बांगडा हे उत्तम आमिष. म्हणजे मोठ्या माशाच्या आधी लहान मासा धरला पाहिजे. त्यासाठी एकाच तंगुसाला ओळीने बारीक गळ बांधतात आणि खाली शिसे लावतात. जपानात अशा गरीला साबिकी म्हणतात. ती बाजारात तयार मिळते. तिला बहुधा सहा गळ असतात. मोठ्या बोटीवर उभे राहून, लांब काठीने ती वापरायला सोयीची पडते.

लहान होडीत गोष्ट निराळी. आपली उलांडीची होडी घ्या, नाहीतर उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कयाक घ्या. आता त्या कयाकीसारख्या प्लास्टिकच्या होड्या आपल्या किनाऱ्यावरही दिसतात. या सगळ्यांत माणूस पाण्याला लागून, पाय पसरून बसतो. सहा गळांची लांब गरी वर आली की ती ठेवायची कुठे? ती मांडीवर पडते. एक गळ लेंग्यात, एक बोटात, आणि तीन एकमेकांत! माणूस खाली वाकून गुंता सोडवीत बसतो. होडी एका अंगाला झुकते. त्याच वेळी आडवी लाट आली, तर होडी उलटायला किती वेळ लागतो? तेव्हा गुंता म्हणजे नुसता वेळेचा तोटा नव्हे. तो जिवाचाही धोका आहे.

गुंता होण्याची कारणे तीन. गळ फार असतात. गळाची फांदी लांब आणि लुळी असते. तंगूस ढिला पडतो. ही तीन कारणे काढून टाकली, की गुंता राहतच नाही म्हटले तरी चालेल.

पहिली गोष्ट, गळ तीनच ठेवा. सहा मासे एकदम आले, तरी ते एकमेकांभोवती फिरून दोरीचे वेटोळे करतात. तीन मासे दोनदा काढलेले बरे.

दुसरी गोष्ट, मापाची. गळाची फांदी ८ सेंटिमीटर ठेवा. दोन फांद्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. हे असे का? वरची फांदी खाली लोंबली तर ८ सेंटिमीटर जाईल. खालची वर उडाली तर ८ सेंटिमीटर येईल. आठ दुणे सोळा. सोळा हे तीसपेक्षा कमी. म्हणून दोन गळांची गाठ पडणारच नाही. नियम असा लक्षात ठेवा: दोन फांद्यांमधले अंतर फांदीच्या दुपटीपेक्षा जास्त पाहिजे.

आता बांधायचे कसे ते पाहू. ०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस २ मीटर घ्या. जिथे फांदी पाहिजे, तिथे तंगुसाचा एक मोठा फास करा. जिथे तंगूस एकमेकांवर येतो, तिथे त्याला पाच-सहा पीळ द्या. पिळांच्या बरोबर मधोमध काडी घालून फट उघडी ठेवा. फासाची समोरची बाजू त्या फटीतून ओढून घ्या आणि काडी काढा. गाठ पाण्याने ओली करा आणि तंगुसाची दोन्ही टोके सावकाश ताणा. गाठ आवळते आणि फास आडवा उभा राहतो. हीच आपली फांदी. ती दुहेरी तंगुसाची असल्यामुळे ताठ राहते, लुळी पडत नाही. फासाचे टोक गळाच्या भोकातून घाला, गळावरून पलीकडे घ्या आणि ओढा. गळ पक्का बसला. गळ विकत घेतानाच पाहा, की दुहेरी तंगूस भोकातून जातो.

गळाच्या दांडीला कोंबडीच्या पांढऱ्या पिसाचे दोन-तीन तंतू रेशमी दोऱ्याने बांधा. पाण्यात ते हलतात. लहान माशाला ते खाद्य वाटते.

तिसरी गोष्ट, तंगूस ताठ ठेवणे. खाली ४० ग्रॅमचे शिसे लावा. ओढ जास्त असेल तर आणखी जड लावा. शिसे मात्र बारीक तंगुसाने बांधा. खडकात अडकले, तर बारीक तंगूस तुटेल. शिसे जाईल, पण गळ वाचतील.

गरी सोडताना शिसे आधी पाण्यात सोडा. मग एकेक गळ जाऊ द्या. वर घेताना शिसे होडीबाहेर लोंबतेच ठेवा, म्हणजे तंगूस ताठ राहतो. वरच्या गळाचा मासा आधी काढा, मग मधला, मग खालचा. मासे पाण्याच्या बादलीत सोडा. पाणी वरचेवर बदला. लागतील तेवढेच मासे धरा. दाटीत कोंडलेला मासा मरतो, आणि मेला की जिवंत आमिषाचे काम गेले.

काम झाले की गरी जुन्या रबरी चपलेच्या तळाला गुंडाळा. वरच्या टोकापासून सुरुवात करा. एकेक गळ रबरात रोवीत जा आणि शिसे शेवटी येऊ द्या. जे शेवटी गुंडाळले, ते पहिले सुटते. म्हणजे दुसऱ्या दिवशी शिसे आपोआप आधी पाण्यात जाते. घरी आल्यावर गरी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गळ गंजतात.

आणखी दोन शब्द. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट करा. मासा लवकर सुटतो, आणि बोटात गेलाच तर आपलेही बोट सुटते. काट्याचा गळ बोटात खोल रुतला, तर ओढू नका. दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या सुईचे विचारा. होडीत हाताशी सुरी ठेवा. अंगात जीवरक्षक जाकीट घाला. पोहता येते म्हणून ते घरी ठेवू नका. मोठा मासा लागला आणि दोरी हातापायाला गुंडाळली, तर पोहणाराही बुडतो.

आता तुम्हांला आकडे लिहिता येतात. म्हणून आज घरी गेल्यावर वहीत लिहा: गळ ३, फांदी ८, अंतर ३०, शिसे ४०. पहिली गरी या मापाने बांधा आणि वापरून पाहा. तुमच्या खाडीची ओढ निराळी असेल, तर माप थोडे बदला आणि बदललेले मापही लिहून ठेवा. आपल्या वाडवडिलांचे किती तरी ज्ञान तोंडीच राहिले आणि त्यांच्याबरोबर गेले. तुमचे तसे होऊ नये. तुमच्या मुलाने पुढे वही उघडली, तर त्याला बांधलेली गरीच हाती मिळेल.