सशाची जात आणि रोगाची साथ
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत सशाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. काम आहे. 'ही जात घ्या, हिला रोग लागत नाही', हे आपण बियाण्याच्या दुकानात ऐकतो, शेळ्या-कोंबड्यांच्या बाजारात ऐकतो. ते ताडायचं कसं, हे सशावर झालेल्या कामात स्वच्छ दिसतं.

ऑस्ट्रेलियात १८५९ साली कुणा जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी युरोपातले ससे सोडले. पुढं त्यांनी कुरणंच्या कुरणं फस्त केली. १९५० मध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी मिक्सोमाटोसिस हा सशांचा रोग मुद्दाम रानात सोडला. डासांनी तो पसरवला. पहिल्या तडाख्यात शंभरातले नव्व्याण्णव मेले. पण साथ फिरत राहिली. फ्रँक फेनर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक मध्यम ताकदीचा विषाणू जपून ठेवला आणि साथीमागून साथ रानातली नवी पिल्लं आणून त्यांना तोच टोचला. आधी शंभरातले नव्वद मरत. सात साथींनंतर पंचवीसच्या आसपास. विषाणू तोच, बदलला होता ससा.

काय बदललं, ते २०१९ मध्ये छापून आलं. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स इथल्या संग्रहालयांतले साथीआधीचे ससे (त्यात एक खुद्द डार्विनचा!) आजच्या सशांशी ताडले. तिन्ही देशांत बरेचसे बदल त्याच जनुकांत. एक जादूचं जनुक नाही. पुष्कळ जनुकांनी थोडा थोडा भार उचललेला. त्यात एक इंटरफेरॉनचं. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते.

आता पाळीव जाती. पांढऱ्या न्यूझीलंडपासून लोकरीच्या अंगोरापर्यंत सगळ्यांचं मूळ तोच युरोपातला रानससा. (न्यूझीलंड व्हाईट तर अमेरिकेत तयार झाला. नावावर काय जायचं!) प्रतिकाराची जनुकं बहुतेक सगळ्यांत असतातच. शास्त्रज्ञ मोजतात ते, ती किती कामाला लागतात. जनुक कामाला लागलं की पेशीत त्याच्या आरएनए नावाच्या नकला निघतात. रक्तातल्या किंवा प्लीहेतल्या त्या नकला मोजायच्या. तराजूत वजन टाकावं तसं, सगळ्यांत सारखं चालणारं एक जनुक शेजारी ठेवायचं.

पण ससे एका वयाचे, एका चाऱ्यावरचे, एका हवेतले हवेत. एक वावर विहिरीकाठचं आणि दुसरं मुरमाड, मग बियाण्याची परीक्षा कसली?

आणि नकला जास्त म्हणजे जनावर तगडं, असंही नाही. चोर आला तरी कुत्रं भुंकतं, वारं सुटलं तरी भुंकतं. आधीच आजारी असलेल्या सशाची जनुकंही खवळलेली असतात. शेवटी मोजायचं ते हेच: सारखा रोग दिल्यावर जगले किती?

तेव्हा जात विकणाऱ्याला आमचे तीन सवाल. रोग किती जनावरांना देऊन पाहिला? शेजारी कोणती जात ठेवली होती? चारा-पाणी आमच्या कोरडवाहूसारखं होतं की बागायती? पुढच्या बैठकीला येताना घरात पडलेली जाहिरातपत्रकं घेऊन या. बियाण्याची, शेळ्यांची, जी असतील ती. एकेक वाचू आणि उत्तर कुठं छापलंय ते शोधू.