आधी कागद, मग पैसे

मी हिवरा आश्रमहून बोलतेय, बचत गटांचं काम करते. आज घराबद्दल बोलू या. सासऱ्यांच्या नाही, भाड्याच्या नाही. पै-पै जोडून आपण विकत घेतो त्या घराबद्दल.

विवेकानंद आश्रमाच्या शाळा-कॉलेजांमुळे आसपासच्या खेड्यांतली मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी आमच्या गावात राहायला येतात. आमच्या गटातली एक ताई अशीच आली. चार-पाच वर्षांपूर्वी तिनं दोन खोल्या आणि अंगण असलेलं घर घेतलं. गटाचं कर्ज, मोडलेली पोत, दोन हंगामांच्या सोयाबीनचे पैसे, सगळं त्यात गेलं. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, नोटरी केली, घरपट्टी नवऱ्याच्या नावानं सुरू झाली. तिनं पेढे वाटले, मीही खाल्ले.

पुढं स्लॅब टाकायला तिनं बँकेत कर्ज मागितलं. बँकेनं विचारलं, "खरेदीखत कुठंय?" तिनं स्टॅम्प दाखवला. साहेब म्हणाले, "हे खरेदीखत नव्हे." मी बीए झालेली बाई, पण तोवर हा फरक मलाही ठाऊक नव्हता.

तो फरक असा. शंभर रुपये किंवा जास्त किमतीचं घर वा जागा विकत घ्यायची, तर नोंदणी केलेलं खरेदीखतच लागतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ते लिहिलेलं आहे. ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात होतं, आपल्यासाठी मेहकरला. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, नुसत्या नोटरीनं मालकी येत नाही. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ? ती कर आकारणीची नोंद. कर कोण भरतं ते त्यातून कळतं, पण तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही.

हे मी एका मासिक सभेत सांगत होते, तर दुसरी एक ताई म्हणाली, "माझ्या भाच्यानं हॉलंडमध्ये एका शांत खेड्यात घर घेतलं, तिथं तर नोटरीच सगळं करतो!" खरं आहे ते. पण शब्द एक असला तरी काम वेगळं. तिथला नोटरी मालकी तपासतो, पैसे त्याच्या खात्यात जमा होतात, खत तोच करतो आणि सरकारी दफ्तरात नोंदवतो. आपल्याकडचा नोटरी मुख्यतः सही कोणी केली याची साक्ष देतो. तिथली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. घराच्या करारावर सही झाल्यावरही घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात, कारण न सांगता माघार घेता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून आपले तीन दिवस आपण इसार देण्याआधीच काढायचे. विकणारा म्हणेल, "आजच द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." उभं राहू द्या त्याला.

त्या तीन दिवसांत काय करायचं? घर कोणाच्या नावावर आहे ते पाहायचं. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी जिथं पूर्ण झाली, तिथं मिळकत पत्रिका मिळते, ती मागायची. आधीचं खरेदीखत आणि सूची दोन मागायची. घरावर कर्ज आहे का विचारायचं. आणि एक प्रश्न चुकवायचा नाही: "तुम्हाला बहिणी किती?"

कारण आमच्या ताईचं घोडं तिथंच अडलं होतं. घर विकणाऱ्याच्या वडिलांचं होतं. त्याला दोन बहिणी, दोघी लग्न होऊन दूर गेलेल्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून कायद्यानं आहे. आम्ही त्या बहिणींकडे गेलो. धाकटी म्हणाली, "बापाचं घर विकलं, हे आम्हाला तुमच्याकडून कळतंय." मैत्रिणींनो, मी मान खाली घातली. बाईच्या हक्काच्या गप्पा मारणाऱ्या आम्ही, आणि दोन बायांचा हिस्सा न विचारता घेतलेल्या घराचे पेढे खाऊन बसलो होतो.

शेवटी भावानं थोडे दिले, ताईनं थोडे घातले, बहिणींना हिस्सा मिळाला. त्या मेहकरला आल्या, सह्या झाल्या. ताईचा खर्च वाढला, स्लॅब एक वर्ष लांबला, पण खरेदीखत झालं आणि या वेळी ते तिच्या नावानं झालं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पाच लाखांच्या व्यवहारात पाच हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत घातलं तर ही सवलत मिळत नाही. आधीपासूनचं घर असेल, तर नमुना आठवर नवरा-बायको दोघांचं नाव लावायला ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. तो मालकीचा कागद नसला, तरी घरात तुमचं नाव आहे हे दफ्तरात दिसू द्या.

आज रात्री एवढं करा. पेटी उघडा, घराचे कागद काढा, त्यावर कोणाचं नाव आहे ते मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि कागद पुढच्या सभेला घेऊन या. आपण मिळून पाहू.