रहाट, वीज आणि कुलाब्याचे यंत्र

कवीने कणत्वरकावर बोलावे, हे जरा विचित्रच. पण मी मंगरूळपीरचा. आणि वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला विजेवर बोलायला पदवी लागत नाही. माझी तर साधी बी.ए.ची आहे. भारनियमनाच्या वर्षांत हरभऱ्याला पाणी द्यायला अब्बा रात्री दोनला उठत. रमजानात तेवढे बरे असे, थोड्याच वेळात घर सहरीसाठी जागे होई.

आपल्याजवळ पारसला वीज कोळशातून होते. सूर्यात मात्र हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिसळून ऊर्जा देतात. तेच इथे करायचा एक मार्ग म्हणजे जड हायड्रोजनची चिमुकली गोळी चहूबाजूंनी एकदम दाबणे. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात लेसरने हे साधले. गोळीकडे 2.05 मेगाज्यूल ऊर्जा गेली, 3.15 मिळाली. बातमी वाचून मी हरखलो. मग कळले, लेसर चालवायलाच सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती. रुपया मिळवायला शंभर खर्च!

म्हणून 1970च्या दशकापासून काही शास्त्रज्ञ सांगत आले आहेत, की लेसरऐवजी शिशासारख्या जड अणूंचे आयन त्या गोळीवर आदळवा. त्यांना वेग देणारा त्वरक विजेचा बराच मोठा वाटा झोतात उतरवू शकतो, आणि सेकंदाला अनेकदा मारा करू शकतो.

जड आयन पळवणारे यंत्र आपल्या मुंबईतही आहे. कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, 1988पासून. नाव पेलेट्रॉन. त्यात धातूचे तुकडे नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली साखळी फिरते आणि प्रत्येक तुकडा थोडा विद्युतभार आत नेऊन ओततो. रहाटाची गाडगी पाणी ओततात ना, तसे. दाब 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंत चढवता येतो. ऋण आयन तिकडे ओढले जातात. तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले, की ते धन होतात आणि तोच दाब त्यांना पुढे ढकलतो. एका दाबाचे दोनदा काम! 2007मध्ये त्याला अतिसंवाहक त्वरकाची जोड मिळाली.

मात्र हे यंत्र अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी आहे. त्याचा झोत बारीक. विजेसाठी लोंढा हवा. अडचण तिथेच आहे. उरसाच्या गर्दीत माणसे एकमेकांना धरून दारातून जातात. इथे सारे आयन एकाच भाराचे, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याला लोटतो. त्यांना काही मिलिमीटर जागेत, सेकंदाच्या काही अब्जांश भागात आणायचे. असे वीजघर अजून जगात कुठेही उभे राहिलेले नाही.

अब्बा आता नाहीत. शेत धाकटा भाऊ पाहतो. त्याला हे सारे सांगितले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, "भाईजान, ती वीज दिवसा येईल ना?"