‘जा आता!’

सॉफ्टवेअर सोडून मी बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसोबत काम करू लागलो, तेव्हा आई फोनवर म्हणाली, “म्हणजे आयाचं काम?” पगार निम्म्यावर आला, हेही खरं.

इथे कॅलिफोर्नियात १९६९ च्या लँटरमन कायद्याने अशा व्यक्तींना मदतीचा हक्क दिला. पण तो रोजच्या जगण्यात उतरवायला माणूस लागतो. चाळिशीतल्या एका गृहस्थांना एकट्याने बसने कामावर जायला शिकवण्यात माझे सात महिने गेले. पहिल्या दिवशी मी गाडीने बसच्या मागोमाग गेलो. उतरल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि हातानेच खूण केली, ‘जा आता!’

माझी खरी कमाई ती. उद्या तुमच्या मुलीने हे काम निवडलं, तर आधी पगार विचारू नका.