बोलण्याने होणारा छळ आणि कायदा
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा सारांश)



मुलांच्या संगोपनाविषयी दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्ही शिरसावंद्य मानतो. मुलास मारू नये, हे आता पुष्कळ घरांत पटले आहे. परंतु हात आवरला तरी जीभ आवरली आहे काय? मुलाच्या मनास दिलेल्या क्लेशांविषयी कायदा काय म्हणतो, हेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे ७५ वे कलम प्रथम पाहू. ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली मूल आहे, अशा व्यक्तीने त्यास मारहाण केली, त्याचा छळ केला, त्यास टाकून दिले अथवा बुद्ध्या त्याची हेळसांड केली, आणि त्यायोगे मुलास अनावश्यक मानसिक वा शारीरिक यातना होण्याचा संभव असला, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. २००० सालच्या कायद्यात कारावासाची मर्यादा सहा महिनेच होती. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण येथे मूल होय.

या कलमातील तीन शब्द ध्यानी घ्यावेत. ‘मानसिक’ यातना ‘शारीरिक’ यातनेच्या पंक्तीस बसविली आहे. ‘संभव’ या शब्दामुळे अंगावर वळ दाखविण्याची गरज उरत नाही. आणि ‘अनावश्यक’ या शब्दामुळे, अभ्यास चुकविणाऱ्या मुलास रागावणारी प्रत्येक माता अपराधी ठरत नाही.

परंतु मानसिक छळात काय काय येते, याची यादी या कलमात नाही. शाळेपुरती ती अन्यत्र मिळते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही वर्ज्य केला. पुढे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१२ साली मार्गदर्शक सूचनांत त्याचा खुलासा केला. मन दुखावणारा उपरोध, अपमानकारक नावे ठेवणे, धाक घालणे, जातीवरून वा आईबापांच्या धंद्यावरून हिणवणे, आजारावरून किंवा तोतरेपणावरून थट्टा करणे, अभ्यासात मागे पडल्याबद्दल वर्गात पाणउतारा करणे, एवढेच नव्हे, तर सुधारावे म्हणून लाजविणे, हे सर्व त्यात येते.

ही यादी शाळेसाठी आहे, हे खरे. पण जे वर्गात बोचते ते माजघरात बोचत नाही काय? “धाकट्याकडून शीक जरा”, “हिच्या रंगाला स्थळ कोठून मिळणार?”, “तुझ्या पायगुणाने घर बसले”, असली वाक्ये आपल्याच घरांत, पाहुण्यांदेखत, मुलांच्या भल्याच्या नावाखाली उच्चारली जातात. बोलणारा विसरतो, ऐकणारे मूल विसरत नाही.

मग शिस्त लावावयाचीच नाही काय, असे कोणी विचारील. अवश्य लावावी. “हे गणित चुकले, पुन्हा कर” असे म्हणणे ही शिस्त. “तू ठोंब्या तो ठोंब्याच” असे म्हणणे हा अवमान. पहिल्याने चूक सुधारते, दुसऱ्याने मूल खचते.

एक विनंती करून आम्ही रजा घेतो. गुणगौरव समारंभात गुणवंतांचे कौतुक जरूर व्हावे. परंतु व्यासपीठावरून टक्केवारी वाचण्याची प्रथा मंडळाने बंद करावी. त्याच सभागृहात नापास झालेली आपलीच लेकरे मान खाली घालून बसलेली असतात, आणि घरी परतताना त्यांना त्या आकड्यांनी टोचले जाते. तसेच संकटातील मुलासाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक स्मरणिकेत दरवर्षी ठळक छापावा.

कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन उभा आहे. त्यास आत येण्याची वेळ न आणणे, हे आपणां सर्वांच्या हाती आहे.