एकध्रुवांची भूमिती



कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अमलकुमार रायचौधुरी भौतिकशास्त्र शिकवत. 1955 साली त्यांनी मांडलेलं समीकरण आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्यांच्या वर्गात बसलेल्या अशोक सेन यांनी पुढं 1994 साली मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना एकध्रुवांविषयीचं एक कोडं सोडवलं. त्याविषयी आज बोलायचं आहे.

चुंबकाचे कितीही तुकडे करा, प्रत्येकाला दोन्ही ध्रुव असतातच. सुटा ध्रुव, म्हणजेच एकध्रुव, निसर्गात अजून हाती लागलेला नाही. पण मूलकणांच्या काही सिद्धांतांत त्याला जागा आहे. इन्स्टँटॉन म्हणजे अशाच सिद्धांतांतली चार मितींतली एक खास उकल; तिच्या समीकरणांत एका दिशेनं काहीच बदलत नाही असं धरलं, की याच एकध्रुवाची समीकरणं मिळतात.

एका एकध्रुवाची स्थिती सांगायला चार आकडे लागतात: जागेचे तीन आणि एक कोन. दोघांना आठ. जोडीच्या सगळ्या शक्य स्थिती एकत्र घेतल्या, की आठ मितींचा अवकाश तयार होतो, तोच मोड्युली अवकाश. त्यातला एकेक बिंदू म्हणजे जोडीची एक अख्खी स्थिती. या अवकाशाची घडण गणितज्ञ हॅमिल्टनला 1843 साली सुचलेल्या क्वाटर्निअन संख्यांच्या नियमांनी बांधलेली आहे, आणि तिथंच मला या विषयाचं खरं सौंदर्य दिसतं. गणितज्ञ अटिया आणि हिचिन यांनी ही भूमिती तपशिलात मांडली. तिच्यातून निघालेली एक गोष्ट ऐका: संथपणे समोरासमोर येऊन भिडलेले दोन एकध्रुव मागं फिरत नाहीत, आरपारही जात नाहीत, काटकोनात वळून निघून जातात.

आता सेन यांचं काम. वीज आणि चुंबकत्व यांची अदलाबदल केली तरी सिद्धांत तोच राहावा, असा भौतिकशास्त्रज्ञ माँटोनेन आणि ऑलिव्ह यांचा 1977 सालचा कयास होता. तो खरा असेल, तर एका खास सिद्धांतात दोन एकध्रुवांची विद्युतभार असलेली, एकमेकांना धरून राहणारी जोडी असायलाच हवी. म्हणजेच, जोडीची सामायिक हालचाल बाजूला काढल्यावर उरणाऱ्या चार मितींच्या अवकाशावर एक विशिष्ट हार्मोनिक फॉर्म, म्हणजे ठरावीक समीकरण पाळणारी एक गणिती रचना, सापडायला हवा. सेन यांनी तो एका छोटेखानी निबंधात प्रत्यक्ष लिहून दाखवला. प्रयोगशाळेला न पेलणारी परीक्षा निव्वळ भूमितीनं घेतली! त्याच वर्षी वाफा आणि विटन यांनी हा कयास इन्स्टँटॉनांच्या मोड्युली अवकाशांवर तपासायला घेतला.