प्लग ओढून पाहिलेला प्रोग्राम

आम्ही राजगडाच्या पायथ्याच्या पालीतल्या, बचत गटातल्या बायका. आज कॉम्प्युटरवर बोलणार आहोत. घाबरू नका, आम्हीही आधी घाबरलोच होतो.

गटात आम्ही बावीस जणी. महिन्याची बचत, अंतर्गत कर्जं, त्यांचं व्याज. वही पुरेना म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून हिशेबाचा प्रोग्राम करून घेतला. त्यानं तो व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिला. मराठी नाव टाकलं की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं! मग नावं इंग्रजीत घातली, तर काहीजणींना स्वतःचंच नाव वाचता येईना. पावसाळ्यात एकदा नोंद करतानाच लाइट गेली. नोंद झाली की नाही कळेना, म्हणून पुन्हा केली, आणि एकीच्या कर्जावर व्याज दोनदा चढलं. भर बैठकीत ती रडली. प्रोग्राम दुरुस्त करावा, तर मुलगा परगावी आणि मूळ कोड त्याच्याकडेच. कुलूप आमचं, किल्ली त्याची.

आमच्यातल्या दोघींच्या मुली कॉम्प्युटर शिकल्यात. त्या म्हणाल्या, नवा लिहू. पण कशात? कोड लिहिणं, चालवून बघणं, चुका शोधणं हे सगळं ज्या एका जागी होतं तिला आयडीई म्हणतात. आपला स्वयंपाकाचा ओटाच म्हणा. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं, त्याच्या आयडीईचा आधार कंपनीनं २००८ मध्येच थांबवला. नवा व्हिज्युअल स्टुडिओ चांगला, मराठीही नीट दाखवतो, पण उतरवायला कित्येक जीबी, आणि इथलं नेट कसं ते तुम्हाला माहीतच आहे. इलेक्ट्रॉनमध्ये केलेले प्रोग्राम दिसायला देखणे, पण प्रत्येकाच्या पोटात अख्खा ब्राउझर असतो. आमच्या जुन्या मशीनला तो पेलेना.

शेवटी लझारस घेतलं. फुकट आहे, पास्कल भाषेचं आहे, बटणं उचलून फॉर्मवर ठेवता येतात. तोच कोड विंडोजवर आणि लिनक्सवरही चालवता येतो. तयार प्रोग्राम आणि त्याच्यासोबतची डेटाबेसची छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली की झालं. उणीव एकच: पास्कल शिकवणारे आता कमी, पायथनचे क्लास मात्र गल्लोगल्ली. म्हणून एकीनं लिहिलेलं दुसरीनं वाचायचं, आणि कोडची एक प्रत गटाच्या कपाटात, असं ठरवलं.

गंमत पावत्यांवर झाली. नावं मधेच तुटायची. मुलींनी शोधलं, तर ‘पाली’ या शब्दाची लांबी लझारस बारा सांगत होतं! आपल्याला दोन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला काना आणि वेलांटी धरून चार चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. साधं फंक्शन बाइट मोजतं. अक्षरचिन्हं मोजणारं वेगळं आहे. ते वापरल्यावर आडनावं पुरी उमटली.

हिशेब एसक्यूलाइटमध्ये ठेवलाय. एका व्यवहाराच्या सगळ्या नोंदी एकत्र बांधून दिल्या, तर त्या पूर्ण होतात, नाहीतर अजिबात होत नाहीत. अर्धवट राहत नाहीत. हे ऐकून आमचा विश्वास बसेना. मग बैठकीत सगळ्यांसमोर, जिचं व्याज दोनदा चढलं होतं तिच्याच हातून, नोंद चालू असताना प्लग ओढला. मशीन पुन्हा सुरू केलं. तिचा हप्ता नोंदला गेला नव्हता, आणि बाकी होती तेवढीच होती. मग तिनं हप्ता स्वतः भरला, पावती काढली आणि नाव मोठ्यानं वाचलं.